डहाणू-तलासरीने कोणता संगणक घ्यावा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की डहाणू रोडच्या बाजारात आणि तलासरी नाक्यावरच्या संगणकाच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी कॉलेजला निघालेली असते. बाप चिकूच्या वाडीतून किंवा वापीच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेला असतो. वीस-पंचवीस हजारांची जुळवाजुळव झालेली असते आणि तो विचारतो, ‘‘चांगला कुठला?’’ दुकानदार आपल्याकडच्या मालातले एक नाव सांगतो, मुंबईतला भाचा फोनवरून दुसरेच नाव सांगतो. मॅक श्रेष्ठ की विंडोज हा वाद जगात चाळीस वर्षे चालला आहे, पण त्यातल्या बहुतेक मुद्द्यांचा इथल्या घराशी संबंध थोडा आहे. म्हणून हा प्रश्न इथल्या घरात बसून, इथली वीज, इथले नेट आणि इथली कामे समोर ठेवून सोडवायला हवा.

तो आता तातडीचाही झाला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेतली भोके बुजवणारे अपडेट नेहमीसारखे मिळेनासे झाले. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ तेवढी दिली गेली. पुढची पायरी विंडोज ११ ची आणि तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात हवी, इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण हवी. २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रे, कितीही ठणठणीत असली तरी, या अटींत बसत नाहीत. आपल्या दोन तालुक्यांतल्या शाळांत, कार्यालयांत आणि घरांत त्या वयाची यंत्रे अजून रोजच्या कामात आहेत.

गाडी घेताना सुटे भाग कुठे मिळतात आणि मेकॅनिक किती लांब आहे, हे इथला माणूस आधी बघतो. संगणकालाही तोच नियम लावावा, असे आमचे म्हणणे आहे. लाईट, नेट, दुरुस्त करणारा माणूस आणि ज्या कामासाठी यंत्र घ्यायचे ते काम, या चार गोष्टींवर निवड ठरावी. कंपनीचे नाव त्यानंतर.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतातल्या अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आढळला होता. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यातले सुमारे ९० टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. इथल्या कित्येक घरांत येणारा संगणक हा त्या घरातला पहिलाच असतो आणि पाड्यावरची शेजारची मुलेही त्यावरच अर्ज भरायला येतात. तो फसला तर पाच-सात वर्षे दुसरा येत नाही.

पहिला स्पर्धक खिशातच आहे. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, यूट्यूबवरचा धडा, सातबारा पाहणे हे सगळे उत्तम होते आणि तेवढ्यासाठी कुणी संगणक घेऊ नये. पण महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, प्रत्येक कागद स्कॅन करून ठरलेल्या केबीच्या आत बसवायचा. एका पानावरचा क्रमांक दुसऱ्या पानावर टाकायचा, मध्येच ओटीपी पाहायला बाहेर यायचे, तोवर आधीचे पान गेले की पुन्हा पहिल्यापासून. यात एखादी चूक राहिली की अर्ज परत येतो आणि मुलगी पुन्हा सेवा केंद्राच्या रांगेत उभी राहते. प्रकल्पाचा अहवाल, एक्सेलमधला ताळा, अकाउंटिंगचा किंवा कोडिंगचा सराव फोनवर नीट होत नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना फोनवर शिकलेल्या मुलांनी त्या लहान पडद्याची मर्यादा पुरेपूर अनुभवली आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला फोनवर भागवायला लावू नये, हे आम्ही ठामपणे सांगतो.

मग डेस्कटॉप की लॅपटॉप? इथे विजेचा विचार सगळ्यात आधी येतो. डहाणूच्या औष्णिक केंद्राची क्षमता ५०० मेगावॉट आहे, पण ते नव्वदच्या दशकात उभे राहिले मुंबईच्या उपनगरांसाठी. आपल्या गावांना महावितरणची वीज येते आणि पहिल्या पावसात झाड तारेवर पडले की आतल्या पाड्यांवर ती परत कधी येईल, याचा भरवसा नसतो. मॉनिटरसकट साधा डेस्कटॉप चालू असताना ८० ते १२० वॉट घेतो, लॅपटॉप १५ ते ३०. रोज पाच तास काम धरले तर महिन्याला डेस्कटॉपची १५ युनिटे होतात, लॅपटॉपची तीन. बिलातला हा फरक सोसता येईल. सोसत नाही ती अर्ध्यावर गेलेली वीज. बाजारात मिळणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी असते. हिशेबाने ती ८४ वॉट-तासांची भरते, प्रत्यक्षात डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटे देते, आणि दोन-तीन वर्षांत तेवढेही देत नाही. फाईल सेव्ह करून यंत्र नीट बंद करण्यापुरतीच ती असते. लॅपटॉपची ४५ वॉट-तासांची बॅटरी त्याहून लहान असूनही हलक्या कामाला तीन-चार तास पुरते, कारण यंत्रच कमी वीज खाते. फोनचा हॉटस्पॉट लावला की लाईट नसतानाही अर्ज पुढे सरकतो. विद्यार्थ्याच्या घरी लॅपटॉप, हे उत्तर इथे विजेनेच देऊन टाकले आहे.

तरीही डेस्कटॉपला मोडीत काढायला आम्ही तयार नाही. त्याचे कारण कुठल्याही कारागिराच्या टेबलापाशी पाच मिनिटे उभे राहिले की कळते. पावसाळा संपला की यंत्रे येऊ लागतात. कळ दाबली की पंखा फिरतो, पडद्यावर काही नाही, आतून फक्त बीप-बीप आवाज. कारागीर कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढतो. आत धुळीचा थर, पंख्यावर जाळी, कोपऱ्यात पालीची अंडी. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून तो रॅमची पट्टी उचलतो, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर तीन-चार वेळा फिरवतो, ब्रशने खाच झाडतो आणि ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत पट्टी परत दाबून बसवतो. संगणक चालू होतो. झाई-बोर्डीपासून चिंचणीपर्यंतच्या खाऱ्या, दमट हवेने त्या दातांवर पातळ थर धरलेला असतो, बिघाड तेवढाच. असे काम शे-दोनशे रुपयांत होते. पॉवर सप्लाय जळला तर तो एकटा बदलता येतो, मॉनिटर गेला तर जुना जोडता येतो. ज्या यंत्राचा प्रत्येक भाग स्क्रूने सुटतो, ते यंत्र गावात जगते.

याच कारणाने नव्या स्वस्त लॅपटॉपबद्दल सावध राहायला हवे. पंचवीस हजारांच्या आसपास मिळणाऱ्या कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. बॉक्सवर ४ जीबी लिहिले असेल तर ते मरेपर्यंत ४ जीबीच राहते, आणि विंडोज ११ ची किमान अट भागवणारी ४ जीबी रॅम प्रत्यक्ष कामाला अपुरी पडते. ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्या, एक वर्डची फाईल, वर ऑनलाईन तास, एवढ्यावर यंत्र अडखळू लागते. ८ जीबीच्या खाली नवे यंत्र घेऊ नये. साठवणीची जागा एसएसडी असावी, फिरती हार्डडिस्क नको. जुन्या संगणकात हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की दोन-तीन मिनिटांनी उभा राहणारा संगणक अर्ध्या मिनिटात उभा राहतो. पैशाच्या मानाने एवढा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी परिसराने भूकंपाचे इतके धक्के सोसले आहेत की टेबलावरून यंत्र पडण्याची भीती इथे नवी नाही, आणि चालू हार्डडिस्क आपटली की बहुधा आतला डेटा जातो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. २०२५ च्या अखेरीपासून मात्र एआयच्या डेटा सेंटरांनी चिपांची मागणी वाढवल्यामुळे रॅम आणि एसएसडी जगभर महागल्या. बजेट आखताना हे ध्यानात ठेवावे.

आता विंडोज आणि मॅकचे. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आणलेला पीसी बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून जुळवलेला होता, त्यामुळे इतरांनाही त्याच्यासारखा बनवता आला. २४ जानेवारी १९८४ रोजी आलेला अ‍ॅपलचा मॅकिंटॉश माऊसवर आणि चित्रांवर चालणारा, वापरायला कितीतरी सोपा होता, पण त्याची पेटी बंद, आणि तो बनवणारी कंपनी एकच. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन ‘असेंबल्ड’ पीसी बांधणारे उभे राहिले आणि तिथली यंत्रे पश्चिम रेल्वेच्या वाटेने बोईसर-डहाणूपर्यंत पोहोचली. २००१ मध्ये एमकेसीएल ही संगणक-शिक्षणाची कंपनी स्थापन झाली, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात निघाले, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले. महाराष्ट्रातल्या एका पिढीने संगणक म्हणजे विंडोज आणि एमएस ऑफिस असेच शिकून घेतले. शिकवणारा, दुरुस्त करणारा आणि शेजारी बसून मदत करणारा, तिघेही विंडोजचे जाणकार झाले. आज तलासरीत विंडोजची जी मातब्बरी आहे ती या माणसांमुळे आहे आणि तिला किंमत आहे.

काही कामांना तर पर्यायच नाही. हिशेबाचे टॅलीप्राईम विंडोजसाठी आहे. सेवा केंद्रात बोटाचा ठसा घेणारे यंत्र मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड गृहीत धरून चालते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या किंवा सीएच्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनची सॉफ्टवेअरे मॅक आणि मोफत मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीसाठीही निघतात, पण संकेतस्थळ आणि टोकन यांचे जमेना झाले की उत्तर सांगणारा माणूस विंडोजवरच सराव केलेला असतो. चिंचणी भागातल्या दागिन्यांच्या डाय बनवणाऱ्यांना लागणारी नक्षीकामाची बहुतेक सॉफ्टवेअरेही विंडोजची. दुकान, सेवा केंद्र, हिशेबनीस यांनी फार विचार करू नये. विंडोजचा डेस्कटॉप, एसएसडी आणि चांगला यूपीएस घ्यावा, आणि वर्षातून एकदा यूपीएसची बॅटरी तपासून घ्यावी.

मॅकला न्याय द्यायचा तर त्याचे गुण मोठे आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हापासून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. पंखा नाही म्हणजे धूळ आणि दमट हवा आत ओढली जात नाही. वाडीच्या कडेला राहणाऱ्या घरात या गोष्टीचे मोल जाहिरातीत सांगतात त्याहून जास्त आहे. एका चार्जवर दिवसभराचे काम निघते, पडदा उत्तम, आणि सहा-सात वर्षे अपडेट येत राहतात. गंजाड किंवा आसपासच्या गावांत वारली चित्रांचे काम परदेशी पाठवणाऱ्या कलाकाराला, व्हिडिओ संपादन शिकणाऱ्या मुलाला, ज्याची कमाई रंगांच्या अचूकतेवर आहे त्याला मॅक खर्च भरून देईल. पण मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम४ मॅकबुक एअरची भारतातली किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू झाली. रॅम जोडलेली, बदलता न येणारी. डहाणूपासून चर्चगेट सव्वाशे किलोमीटर, आणि अ‍ॅपलचे मुंबईतले पहिले दुकान एप्रिल २०२३ मध्ये उघडले तेही वांद्रे-कुर्ला संकुलात. तलासरीकरांना वापी जवळची, तरी एका दुरुस्तीसाठी दोन-तीन दिवसांचे काम बुडतेच. कीबोर्डवर चहा सांडला तर येणारा खर्च इथल्या पूर्ण नव्या लॅपटॉपइतका होऊ शकतो. आणि एक इशारा. इंटेलचे जुने मॅकबुक सध्या पंधरा-वीस हजारांत दाखवले जातात, दिसायला देखणे असतात. मॅकच्या प्रणालीची २०२५ ची टाहो ही आवृत्ती इंटेल मॅकसाठी शेवटची आहे आणि तीही मोजक्याच इंटेल मॅकवर चालते. ते घेऊ नयेत.

गुगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या क्रोमबुकबद्दल थोडक्यात. किंमत कमी, व्हायरसची काळजी नाही, आणि २०२३ मध्ये गुगलने दहा वर्षांपर्यंत अपडेट देण्याचे जाहीर केले. डहाणू शहरात, बोर्डीत, जिथे घरात फायबरचे नेट आहे तिथल्या शाळकरी मुलाला ते पुरेल. टॅली नाही, विंडोजची सॉफ्टवेअरे नाहीत, आणि नेट गेले की त्याची निम्मी उपयुक्तता जाते. सायवन किंवा उधव्याच्या पलीकडच्या पाड्यांसाठी आम्ही ते सुचवणार नाही.

कमी पैशात कॉलेजच्या मुलासाठी आमची पहिली पसंती वेगळीच आहे. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप चार-पाच वर्षांनी बदलतात. ते साफसूफ होऊन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून लॅमिंग्टन रोडला, वापीला आणि आता ऑनलाईनही विकले जातात. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी५ ही २०१८ च्या सुमाराची अशी मॉडेले. ही यंत्रे रोज दहा तास वापरण्यासाठी बनवलेली असतात. खालचे झाकण साध्या स्क्रूने उघडते, रॅमच्या खाचा मोकळ्या असतात, एसएसडी बदलता येते, बिजागर भक्कम असते. साधारण अठरा ते पंचवीस हजारांत ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले असे यंत्र मिळते, आणि त्याच किमतीच्या नव्या लॅपटॉपपेक्षा ते वेगाने चालते व जास्त टिकते.

फसगत होते ती पिढीबाबत. दुकानात ‘आय-५ आहे’ एवढेच सांगतात. आय-५ हे नाव दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रालाही होते. नावापुढचा आकडा वाचा. आय-५ ८२५० म्हणजे आठवी पिढी, आय-५ ६३०० म्हणजे सहावी, ४३०० म्हणजे चौथी. दहाव्या पिढीपासून पुढे पहिले दोन अंक बघायचे. आठव्या पिढीच्या आतले यंत्र विंडोज ११ च्या अटींत साधारणपणे बसत नाही, मग दुकानदाराने ते आडमार्गाने घालून दिलेले असले तरी. घेण्याआधी चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवून बॅटरी किती उतरते ते पाहावे, कीबोर्डचे प्रत्येक बटण दाबावे, कॅमेरा आणि वायफाय तपासावे, पक्के बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी घ्यावी. विंडोज अधिकृत आहे का, हेही सेटिंगमध्ये दिसते. चोरीचे विंडोज आणि चोरीचे ऑफिस घालून दिलेले यंत्र स्वस्त पडत नाही. त्यात पहिल्याच दिवशी काय घुसले आहे, ते कुणालाच ठाऊक नसते, आणि त्याच यंत्रावरून घरातले बँकेचे व्यवहार होतात.

या दोन तालुक्यांना आणखी एक गरज आहे, जी पुण्या-मुंबईच्या जाहिरातीत कधी दिसणार नाही. इथल्या कितीतरी घरांत वारली बोलतात, शाळा मराठी, आणि बाजार व नोकरी गुजरातीत. घोलवड-बोर्डीकडे तर दोन्ही लिपी रोजच्या. इनस्क्रिप्ट हा १९९१ च्या भारतीय मानकातला कीबोर्ड विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींत मोफत असतो. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने आहेत आणि सगळ्या भारतीय लिप्यांत जागा सारख्याच. इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीतला क, आणि भाषा बदलून गुजराती केली की त्याच कळीवर गुजरातीतला क. मराठी टंकलेखन शिकलेल्या मुलीला गुजराती टंकलेखन वेगळे शिकावे लागत नाही. उंबरगाव-वापीच्या कार्यालयांत तिला या कौशल्याचा पगार मिळू शकतो. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कुठल्याही यंत्रावर तसाच दिसतो. जुन्या फॉन्टांत टाईप केलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य अक्षरे दिसतात, हे आपल्या कार्यालयांत अजून घडते, आणि ते थांबायला यंत्र बदलण्याची गरज नाही. सवय बदलली की पुरे.

राहिला लिनक्स. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या खैरात गावच्या छोट्याशा शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचा प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपचा पडदा उन्हातही वाचता येई, वीज फार थोडी लागे, आणि आत लिनक्स होते. केंद्र सरकारने त्याआधीच, २००६ मध्ये, ती योजना घ्यायला नकार दिला होता आणि देशात ती फारशी पसरली नाही. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये आलेला आकाश टॅबलेट सरकारला २,२७६ रुपयांना पडणार होता, पण त्याचा पडदा आणि वेग इतका कमकुवत होता की मुलांच्या हाती तो टिकला नाही. याच काळात केरळने दुसरी वाट धरली. सरकारी शाळांतल्या साध्या पीसींवर लिनक्स घातले, मल्याळममध्ये आणले, आणि आधी शिक्षकांना ते शिकवले. ती व्यवस्था आजही चालू आहे. तिन्ही अनुभव शेजारी ठेवले तर शिक्षकावर केलेला खर्चच फळाला आलेला दिसतो.

आपल्या शाळांतल्या जुन्या यंत्रांना हीच वाट मोकळी आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या, ४ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली एसएसडीवर घातली तर ती नीट चालते, मोफत असते आणि सुरक्षेचे अपडेट चालू राहतात. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, मराठी इनस्क्रिप्ट, रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयात सांभाळला गेलेला लोहित देवनागरी टंक, सगळे त्यावर मिळते. टॅली आणि बोटाच्या ठशाचे काम त्यावर होणार नाही. पण पाचवी ते दहावीच्या मुलाला टाईप करणे, शोधणे, तक्ता मांडणे आणि प्रोग्रॅमिंगची ओळख, एवढे शिकायला ते पुरून उरते. लिनक्स बसवू शकणारे तरुण इथल्या महाविद्यालयांत आहेत. त्यांना हे काम कुणी दिलेले नाही.

राज्यात कितीतरी शाळांच्या संगणक कक्षांना ठेकेदाराचा करार संपल्यावर कुलूप लागले. विंडोज १० च्या निमित्ताने ती यंत्रे आता भंगाराच्या यादीत जाण्याची शक्यता आहे. पालघर जिल्हा परिषदेने आणि डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने या दोन तालुक्यांतल्या शाळा-आश्रमशाळांमधल्या कोणत्याही संगणकाचे निर्लेखन करण्याआधी तो एकदा उघडून तपासावा, चालण्यासारखा असेल तर त्यात एसएसडी आणि लिनक्स घालावे, आणि प्रत्येक शाळेतल्या निदान एका शिक्षकाला तो वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे. जे उरेल तेच ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावे.